एन्लार्जमेंट रंगवणाऱ्या बाईनं पाहिलेला ‘लॉरा’

लातूरला गंजगोलाईजवळ आमचा फोटो स्टुडिओ होता. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यातल्या एका रस्त्यावर, भांड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. अण्णा फोटो काढायचे, धुवायचे, मोठे करायचे. १९७९ मध्ये मी पंधरा वर्षांची झाले आणि रंगवायचं काम माझ्याकडं आलं. लग्नाचे, बारशाचे फोटो असायचेच, पण रंगवायला यायचे ते बहुतेक गेलेल्या माणसांचे. कुठल्या तरी लहानशा काळ्यापांढऱ्या फोटोवरून बारा बाय पंधराचं एन्लार्जमेंट काढायचं, कापसाच्या बोळ्यानं त्यावर तेलरंगाचा पातळ हात फिरवायचा, काडीला कापूस गुंडाळून ओठ, कुंकू आणि साडीचा काठ भरायचा, आणि तेराव्याच्या आत फ्रेम करून द्यायचं. तीसेक वर्षं मी हे काम केलं. स्टुडिओ २००८ ला बंद झाला.

हे आधी सांगितलं, कारण ज्या पिक्चरबद्दल मी लिहितेय त्यातलं सगळ्यात मोठं पात्र म्हणजे भिंतीवर टांगलेली एका मेलेल्या बाईची तसबीर आहे.

पिक्चरचं नाव ‘लॉरा’. १९४४ चा, ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स कंपनीचा, ऑटो प्रेमिंजर यांनी दिग्दर्शित केलेला. व्हेरा कॅस्परी या लेखिकेच्या कादंबरीवरून घेतलाय. काळापांढरा, ८८ मिनिटांचा. दिवाळीला माझ्या बहिणीचा मुलगा आला होता, त्यानं लॅपटॉप टीव्हीला जोडून लावला. मी, तो आणि आई. आईला इंग्रजी येत नाही, मला अक्षरं वाचून कळतं, म्हणून मी खालची अक्षरं वाचून तिला मराठीत सांगत होते. त्यामुळं पहिल्यांदा पाहायला आम्हाला सव्वादोन तास लागले. नंतर मी एकटीनं आणखी दोनदा पाहिला.

गोष्ट न्यूयॉर्कची. लॉरा हंट ही जाहिरात कंपनीत खालून वर चढलेली तरुण बाई. ती स्वतःच्या घराच्या दारात मारली गेलीय. छर्र्यांच्या बंदुकीनं, जवळून, थेट चेहऱ्यावर. तपासाला येतो मार्क मॅकफर्सन नावाचा पोलीस. त्याच्यासमोर तीन माणसं. वाल्डो लायडेकर, पेपरात सदर लिहिणारा आणि रेडिओवर बोलणारा, वयानं लॉरापेक्षा बराच मोठा, तिला मीच घडवली असं मानणारा. शेल्बी कार्पेंटर, तिचा होणारा नवरा, देखणा आणि बिनकण्याचा. आणि अ‍ॅन ट्रेडवेल, लॉराची आत्या किंवा मावशी (इंग्रजीत दोघींना एकच शब्द आहे, त्यामुळं कोणती ते कळत नाही), पैसेवाली, आणि त्या शेल्बीवर जीव टाकणारी.

लॉरा झालीय जीन टिअर्नी, पोलीस झालाय डेना अँड्र्यूज, वाल्डो झालाय क्लिफ्टन वेब, शेल्बी झालाय व्हिन्सेंट प्राइस. या चौघांत मी सगळे गुण क्लिफ्टन वेबला देईन. तो पहिल्यांदा दिसतो तोच न्हाणीत, टबात बसून, पुढ्यात फळी आणि फळीवर टाइपरायटर. समोर खुनाचा तपास करणारा पोलीस उभा आहे आणि हा माणूस टबातून उठायला तयार नाही. एवढ्यावरून कळतं की जग आपल्या दारात येऊन उभं राहिलं पाहिजे अशी सवय लागलेला हा माणूस आहे. त्याची जीभ वस्तऱ्यासारखी आहे, पण लॉराचं नाव निघालं की त्याचा आवाज बदलतो, त्यात काहीतरी ओलं येतं. मूकपटांच्या काळानंतर वेब पडद्यावर जवळजवळ नव्हताच, नाटकांतच होता. कंपनीचे प्रमुख झॅनक यांचा त्याच्या निवडीला विरोध होता आणि प्रेमिंजरनी तो मोडून काढला. त्यांचे उपकार मानावेत अशी ही गोष्ट आहे. वेबशिवाय हा पिक्चर उभा राहिला नसता.

आता तसबिरीबद्दल.

लॉराच्या दिवाणखान्यात शेकोटीच्या वर तिचं मोठं चित्र आहे. खांदे उघडे, काळा पोशाख, नजर जराशी बाजूला. जेकोबी नावाच्या चित्रकारानं ते काढलंय असं गोष्टीत सांगितलंय. पहिल्यांदा ते नीट दिसलं तेव्हा मी भाच्याला म्हटलं, ‘थांबव.’ त्यानं थांबवलं. मी टीव्हीजवळ जाऊन उभी राहिले. तो म्हणाला, ‘मावशी, किती वेळ थांबवायलीस?’ मी म्हटलं, ‘अरे हे चित्र नाही. फोटो आहे. एन्लार्जमेंट आहे, वरून ब्रश फिरवलाय.’

खांद्याच्या वळणावर उजेडाकडून सावलीकडं जाताना जो करडा रंग पसरतो, तो कॅमेऱ्यातूनच तसा येतो. हातानं काढणारा तिथं कुठंतरी ठरवतो, इथं उजेड संपला. फोटोत असं कुणी ठरवलेलं नसतं. आणि डोळ्यांतला पांढरा ठिपका. तो स्टुडिओतल्या दिव्याचा असतो, चित्रकाराच्या खिडकीचा नसतो. भाच्यानं तिथंच मोबाइलवर शोधलं आणि निघालं ते खरंच. पिक्चर आधी रूबेन मामूलियन नावाच्या दिग्दर्शकाकडं होता, त्याच्या पत्नीनं एक चित्र रंगवलं होतं. प्रेमिंजरनी पिक्चर हातात घेतला तेव्हा ते चित्र काढून टाकलं, टिअर्नीचा फोटो काढून मोठा करवला आणि त्यावर रंगाचा हात फिरवून तेलचित्र वाटेल असं केलं. म्हणजे आम्ही गोलाईत जे करत होतो तेच, हॉलिवूडमध्ये.

मला हे कळल्यावर जो आनंद झाला तो सांगता येणार नाही. चाळीस वर्षांपूर्वी एक चित्रकार आमच्या दुकानात येऊन अण्णांना म्हणाले होते, तुमचं काम म्हणजे कला नव्हे, फोटोला पावडर लावणं आहे. अण्णा काही बोलले नाहीत. आज असते तर मी त्यांना हा पिक्चर दाखवला असता आणि म्हटलं असतं, बघा, हातानं काढलेलं चित्र होतं, ते उतरवलं आणि याला टांगलं.

प्रेमिंजरनी तसं का केलं असेल याचं माझं उत्तर आहे. चित्र बघून आपण चित्रकाराचं कौतुक करतो. रंगवलेला फोटो बघताना माणूस समोर असल्यासारखं वाटतं आणि नसल्यासारखंही. गेलेल्या माणसाच्या घरात तेच हवं असतं. मॅकफर्सनला त्या बाईचा नाद लागायचा असेल तर भिंतीवर ती स्वतः हवी, कुणाची कलाकुसर नको.

आणि त्याला नाद लागतो. पिक्चरच्या मध्यावर तो रात्री एकटा तिच्या घरात येतो. बाहेर पाऊस. तो तिचे कागद चाळतो, कपाट उघडतो, अत्तराची बाटली हुंगतो, दारू ओतून घेतो, तसबिरीसमोर उभा राहतो, फिरतो, परत उभा राहतो. बोलणं जवळजवळ नाही. संगीतकार डेव्हिड रॅक्सिनची एकच चाल पुन्हा पुन्हा येते, आणि पियानोचे सूर असे येतात की बोट पडल्याचा ठोका ऐकू येत नाही, फक्त मागं उरलेलं घुमणं ऐकू येतं. मग तो खुर्चीत झोपी जातो. वर ती.

आम्ही एक फोटो रंगवायला दोन-तीन दिवस घ्यायचो. पहिला हात, वाळू द्यायचा, दुसरा हात. तेवढे दिवस ते माणूस समोर असायचं. मी कधी न पाहिलेल्या बायका, त्यांच्या हनुवटीवरचं गोंदण, एका बाजूला कललेला ओठ. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मला वाटायला लागायचं की ही मला माहीत आहे. हिचा राग कसा असेल, ही भाकरी थापताना काय गुणगुणत असेल. अण्णांचा नियम होता की डोळे शेवटी रंगवायचे आणि रात्री दुकान बंद करताना फोटोवर फडकं टाकायचं. मी लहान असताना मला तो धुळीसाठी वाटायचा. लॉराच्या घरात मॅकफर्सनला सांगायला कुणी अण्णा नव्हते. त्या फोटोवर कुणी फडकं टाकलं नाही. तो सबंध प्रसंग मी श्वास धरून पाहिला, कारण त्यातलं एकही पाऊल खोटं नाही.

दुसरं एक खरं. अर्धा पिक्चर लॉरा आपल्याला कळते ती फक्त दुसऱ्यांच्या तोंडून. वाल्डो सांगतो, ती एका पेनाच्या जाहिरातीसाठी माझ्याकडं आली, मी तिला हाकलली, मग मीच तिच्या ऑफिसात जाऊन माफी मागितली, तिला कपडे कसे घालायचे ते शिकवलं, मोठ्या लोकांत नेलं. त्यात ती आहे, पण वाल्डोच्या मापाची. आमच्याकडं एक गुरुजी आले होते, बायकोचा फोटो घेऊन. फोटो काळापांढरा. साडी कोणत्या रंगाची करू विचारलं तर म्हणाले हिरवी, तिला हिरवा फार आवडायचा. मी हिरवी केली. आठ दिवसांनी त्यांची मोठी मुलगी आली आणि फ्रेमकडं बघून म्हणाली, आईला हिरवा कधीच आवडला नाही, दादांना आवडायचा. माझ्या हातून निघालेली बाई ही त्या गुरुजींच्या सांगण्यातली बाई होती. ‘लॉरा’चा पहिला अर्धा भाग हेच सांगतो, आणि न सांगता सांगतो.

ज्यांना पिक्चर बघायचाय त्यांनी इथं थांबावं आणि बघून मग पुढं वाचावं. यापुढं मी सगळं उघड लिहिणार आहे, कारण माझी तक्रार त्याशिवाय सांगता येत नाही.

मॅकफर्सन खुर्चीत झोपलाय, दार उघडतं आणि पावसात भिजलेला कोट-टोपी घातलेली लॉरा आत येते. जिवंत. ती शुक्रवारपासून गावाबाहेरच्या घरी होती, रेडिओ बिघडला होता, आपण मेलोय हे तिला माहीतच नाही. तो उठून एकदा तिच्याकडं बघतो, एकदा भिंतीकडं. इथं आईनं हातातली शेंग खाली ठेवली. आमच्याकडं सगळ्यांच्या अंगावर काटा आला. इतक्या वर्षांनंतर, लॅपटॉप जोडलेल्या टीव्हीवर, मधे मधे थांबवून आणि मराठीत सांगूनसुद्धा ही जागा अशी लागते, म्हणजे बांधणी पक्की आहे.

आणि पुढच्याच मिनिटाला आईनं विचारलं, ‘मंग मेली ती कुणाची पोर?’

मी म्हटलं, थांब, सांगतील.

सांगतात, पण ओझरतं. मेली ती डायान रेडफर्न नावाची मॉडेल, जाहिरातीत फोटो द्यायची. शेल्बीनं तिला लॉरा गावाला गेलेली असताना लॉराच्याच घरी आणलं होतं. रात्री बेल वाजली, लॉराचा घरातला पोशाख अंगावर असलेली डायान दार उघडायला गेली आणि लॉराच्या वाटची गोळी तिला लागली. शेल्बी पळाला. पळाला आणि गप्प बसला. त्याला माहीत होतं मेली कोण, तरी साऱ्या गावाला त्यानं लॉराचा शोक करू दिला. अशा माणसाला पिक्चर शेवटी काय शिक्षा देतो? काहीच नाही. तो अ‍ॅनकडं परत जातो.

हा माझ्या मते या पिक्चरचा सगळ्यात मोठा दोष. तपासातल्या चुका मी माफ करीन, त्या पुढं सांगते. पण लॉरा जिवंत निघाली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिच्या घरी पार्टी होते. माणसं जमतात, पेले हातात, ती परत आली म्हणून. त्याच घराच्या दारात तीन-चार दिवसांपूर्वी एक पोरगी पडली होती. तिचं नाव त्या पार्टीत कुणाच्या ओठावर शोकानं येत नाही. तिला आईबाप होते का, ती कुठल्या गावची, तिच्या खोलीचं भाडं कोण भरायचं, शुक्रवारपासून ती दिसली नाही म्हणून कुणी विचारपूस केली का, यातलं काही नाही. ती गोष्टीला एक प्रेत हवं होतं म्हणून आहे. तिला आपण एकदाही जिवंत बघत नाही. आणि धंदा तिचा काय, तर फोटो काढून घेण्याचा. जिचं पोट चेहऱ्यावर होतं तिचा चेहराच गोळीनं नेला, आणि भिंतीवर तसबीर आहे ती जिवंत असलेल्या बाईची.

मला हे इतकं का लागलं ते सांगते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बुडवून लोक उशिरा झोपलेले. किल्लारी आमच्यापासून चाळीसेक किलोमीटर. लातुरात आम्ही घाबरून रस्त्यावर आलो, भांडी पडली, भिंतीला तडे गेले, पण घर राहिलं. तिकडं किल्लारी, सास्तूर आणि भोवतालच्या गावांत दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीची माळवदं. ती झोपलेल्या माणसांवर बसली. हजारो माणसं गेली.

दिवाळीच्या सुमारास आमच्याकडं लोक यायला लागले. ढिगाऱ्यातून काढलेले फोटो घेऊन. पावसानं चिकटलेले, काचेचे तुकडे रुतलेले. लग्नाचा ग्रुप फोटो, त्यात मागच्या रांगेत तिळाएवढं डोकं, तेच मोठं करून द्या म्हणायचे. अण्णा कॉपी निगेटिव्ह काढायचे, एन्लार्जरखाली धरायचे, आणि चेहरा नुसता दाण्यांचा व्हायचा, जवळून बघितलं तर ज्वारी पसरल्यासारखा. मी त्यावर रंग चढवून नाक-डोळे उभे करायची. एका माणसाच्या बायकोचा एकच फोटो होता, पदरानं अर्धा चेहरा झाकलेला. उरलेला अर्धा मी तिच्या बहिणीला समोर बसवून भरला. त्या हिवाळ्यात अण्णांनी एकाही फ्रेमचे पैसे घेतले नाहीत.

पण ज्यांचा फोटोच नव्हता त्यांचं काय करणार? पुरुषांचे निघायचे, कुठल्या दाखल्यावर, सोसायटीच्या कागदावर. बायका आणि पोरींचे नसायचे. एक बाई सास्तूरच्या बाजूच्या आल्या होत्या, मुलगी गेली होती, एकोणीस वर्षांची. फोटो कधीच काढलेला नव्हता. त्या अण्णांना सांगत होत्या, रंग असा होता, केस असे होते, कपाळ माझ्यासारखं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, बाई, मला कॅमेऱ्यातून आलेलंच मोठं करता येतं. मी त्यांना पाणी दिलं. त्या जिन्यानं खाली उतरेपर्यंत आम्ही दोघंही काही बोललो नाही.

म्हणून डायान रेडफर्नची गोष्ट अशी बाजूला सरकवलेली मला सहन झाली नाही. आणि मी असंही म्हणेन की प्रेमिंजरच्या हातात ती गोष्ट होती. त्याला पार्टीच्या प्रसंगात एक मिनिट द्यायचं होतं, एक कुणीतरी माणूस दाराशी यायला हवा होता तिचं सामान न्यायला. पिक्चर ८८ मिनिटांचा आहे, ८९ चा झाला असता.

बाकीचे दोष हलके आहेत, पण आहेत. मॅकफर्सन पोलीस म्हणून फार ढिला. संशयित वाल्डोला बरोबर घेऊन तो दुसऱ्या संशयितांच्या घरी जातो. प्रेताची ओळख नीट पटवत नाही. मोलकरीण बेसी दारूच्या बाटलीवरचे ठसे मालकिणीच्या अब्रूसाठी पुसून टाकते, त्यावरही फार काही होत नाही (बेसी झालेली डोरोथी अ‍ॅडम्स मात्र सुंदर, मालकिणीवर जीव असलेली अशी बाई आमच्याकडंही होती). सगळ्यात वाईट शेवटी. खून केलेली बंदूक लॉराच्या दिवाणखान्यातल्या घड्याळाच्या पोटात लपवलेली त्याला सापडते, आणि तो ती तिथंच ठेवतो, सकाळी नेईन म्हणतो आणि लॉराला एकटी ठेवून निघून जातो. आईनं इथं कपाळावर हात मारला. शेवटाला धोका हवा म्हणून लेखकांनी हुशार माणसाला पाच मिनिटं बिनडोक केलंय, ते दिसतं.

तरी त्या घड्याळाचं कौतुक केलंच पाहिजे. पिक्चर सुरू होतो तोच वाल्डोच्या घरात, मॅकफर्सन त्या उंच घड्याळाकडं बघत असतो आणि वाल्डोचा आवाज सांगतो की असं दुसरं घड्याळ फक्त लॉराच्या घरात आहे. खुनाचं सगळं उत्तर पहिल्या काही मिनिटांत आपल्या पुढ्यात ठेवलंय आणि आपण टबातल्या माणसाकडं बघत बसतो. दुसऱ्यांदा पाहताना मला ते दिसलं तेव्हा मी मोठ्यानं ‘अगंबाई’ म्हटलं.

खुनी वाल्डो, हे एव्हाना कळलं असेल. मला मिळणार नाही तर कुणालाच नको, या भावनेनं. त्याच्या आवाजात गोष्ट सुरू होते आणि मधेच कुठंतरी तो आवाज गळून पडतो. शेवटी तो स्वतःच मरतो, मग सुरुवातीला बोलत होता तो कुठून, हा प्रश्न उरतो. मूळ कादंबरीत वेगवेगळी माणसं आपापल्या तोंडानं गोष्ट सांगतात. पिक्चरमध्ये एकाचाच आवाज ठेवला आणि तोही अर्धवट, त्यामुळं ही गाठ सैल राहिली.

आणि लॉरा? ती परत आल्यावर थोडी लहान होते. टिअर्नी फार सुंदर दिसते, पण तसबिरीनं जेवढं वचन दिलं तेवढं तिला करायलाच दिलेलं नाही. पार्टीतून पकडून नेल्यावर पोलीस ठाण्यातला एक प्रसंग सोडला तर. मॅकफर्सन तिच्या तोंडावर कडक दिवे सोडतो. माझं निम्मं आयुष्य लोकांच्या तोंडावर दिवे सोडण्यात गेलं, मला माहीत आहे त्या उजेडात चेहऱ्याचं काय होतं. सगळी गोलाई जाते, माणूस सपाट होतो, आरोपी दिसतो. ती म्हणते हे नको, आणि तो दिवे बंद करतो, आणि साध्या उजेडात पहिल्यांदा ती तसबीर राहत नाही, थकलेली नोकरदार बाई दिसते. दोन बटणांत अख्खं नातं बदललं. या पिक्चरच्या छायाचित्रणासाठी जोसेफ लाशेल यांना ऑस्कर मिळालं. मला विचाराल तर या एका प्रसंगासाठी द्यायला हरकत नव्हती.

भाच्याचं म्हणणं होतं की हा खरा फिल्म न्वार (गुन्ह्याच्या अंधाऱ्या गोष्टींचे काळेपांढरे पिक्चर) नाही, कारण त्या जातीच्या पिक्चरांत असतात तसे ओले अंधारे बोळ, जिन्यावरच्या लांब सावल्या यात कमी आहेत. खरंय, इथं बहुतेक सगळं उजेडाच्या दिवाणखान्यांत घडतं. त्याला मी म्हटलं, अंधार बोळातच असतो असं नाही. अ‍ॅन ट्रेडवेल लॉराला पार्टीच्या वेळी शांतपणे सांगते की शेल्बी काही चांगला माणूस नाही, मीही नाही, म्हणून तो माझाच; आणि खून मी केला नाही, पण मनात आला होता. पावडर लावता लावता सांगते, भरपूर उजेडात. ज्युडिथ अँडरसननं तो प्रसंग असा केलाय की तेवढ्यापुरता पिक्चर तिचा होतो.

चालीबद्दल एक राहिलं. दिग्दर्शकाला ड्यूक एलिंग्टन या जाझ संगीतकाराची एक आधीचीच चाल वापरायची होती. रॅक्सिनला नवी करून आणायला शनिवार-रविवारची मुदत मिळाली. पुढं त्या चालीवर जॉनी मर्सरनं शब्द लिहिले आणि ते गाणं म्हणून गाजलं. पिक्चरमध्ये शब्द नाहीत तेच बरं. तीच चाल जरा जास्त वेळा येते हे मात्र खरं. शेवटच्या वीस मिनिटांत दोनदा कमी चालली असती.

बघायचा असेल तर मोबाइलवर बघू नका. काळ्यापांढऱ्याच्या करड्या छटा त्यावर मरतात, तसबीर नुसता ठिपका होते. मोठ्या पडद्यावर, खोलीतले दिवे घालवून, संध्याकाळनंतर. घरात इंग्रजी न कळणारं कुणी असेल तर त्यांनाही बसवा, सांगत सांगत बघा. त्यांना दिसतं ते आपल्याला दिसत नाही.

आई आठवडाभर त्याच एका गोष्टीत होती. तुरीच्या शेंगा सोलताना मधेच म्हणाली, ‘त्या पोरीच्या घरी कळवलं का गं कुणी?’ मी म्हटलं, पिक्चरमध्ये दाखवलं नाही. ‘कळवाया पाहिजे होतं,’ म्हणाली आणि सोलत राहिली.

तिसऱ्यांदा मी पाहिला तो डायानसाठी. तिचं नाव कुठं कुठं येतं ते कागदावर लिहीत गेले. सगळ्यात जास्त ती सापडते शेल्बीच्या जबाबात. बेल वाजली, मी तिला म्हटलं तू जा, ती गेली, आवाज झाला. तिच्या स्लिपरचा दाराकडं जातानाचा आवाज त्याच्या बोलण्यात आहे, पडद्यावर नाही. तेवढा भाग मी मागं नेऊन पुन्हा ऐकला.